घाटात एअर इनटेकचा होज वारंवार निसटतो: क्लिप आवळून का भागलं नाही

कसारा घाटाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी बंद पडली. मागे ट्रेलर, डावीकडे कठडा, मागच्या सीटवर आई. बॉनेट उघडलं तर थ्रॉटल बॉडीवरून, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवरून, हवेचा होज निसटून लोंबत होता. दहा महिन्यांतली ही चौथी वेळ. त्या दिवशी ट्रेलरवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं. घरी आल्यावर ठरवलं की आता नुसती क्लिप आवळायची नाही, होज का निसटतो ते शोधायचं. त्या शोधात जे सापडलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण घरी बनवलेल्या इनटेकमध्ये हीच चूक अनेक जण करत असतील असं मला वाटतं.

गाडी 2011 ची, पेट्रोल, 1.6 लिटर, टर्बो नाही, इंजिन आडवं बसवलेलं. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत मूळचा काळा रबरी होज होता, मध्ये घड्या असलेला. त्या घड्यांमध्ये चिरा पडल्या. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाल्याने नवा मिळेना. नाशिकमध्ये द्वारका, मुंबई नाका, सगळीकडे विचारून झालं. मग अंबडला 76 मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पाइप वाकवून घेतला, दोन्ही टोकांना सिलिकॉनचे जोड लावले, पाइप हलू नये म्हणून बॅटरीच्या ट्रेला पक्का बांधला आणि हवा मोजणारा सेन्सर, म्हणजे एमएएफ, त्याच पाइपवर फ्लँज वेल्ड करून बसवला. दिसायला काम छान झालं होतं.

पहिल्यांदा होज निसटला तो मापाच्या चुकीने. थ्रॉटलचं तोंड बाहेरून 70 मिलिमीटर, आणि माझ्याकडचा सिलिकॉन जोड दोन्हीकडे 76 चा. मधली जागा मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून भरली आणि वरून क्लिप आवळली. ती पट्टी तेलकट हवेने बुळबुळीत होते आणि होजसकट घसरते. सिलिकॉन होज आतल्या व्यासाने विकला जातो आणि तो ज्यावर बसतो त्याचा बाहेरचा व्यास बघायचा असतो. हे माप पट्टीने घेऊ नका, व्हर्नियरनेच घ्या. मी 76 वरून 70 वर येणारा रिड्युसर आणला आणि प्रश्न सुटला असं धरून चाललो.

तो सुटला नव्हता. सहा आठवड्यांनी होज पुन्हा निसटला. क्लिप बदलली, आणखी आवळली, तरी तिसऱ्यांदा निसटला. तेव्हा क्लिपच्या पट्टीतल्या खाचांमधून सिलिकॉन बाहेर आलेलं दिसलं, होज कापला जात होता. म्हणजे आवळण्याने पकड वाढत नव्हती, होज मात्र खराब होत होता.

ढकलतं कोण?

हा प्रश्न मी आधीच विचारायला हवा होता. टर्बोच्या गाडीत टर्बोनंतरच्या पाइपात दाब असतो आणि तो दाब होज उडवू शकतो. माझ्या गाडीत टर्बो नाही. फिल्टर ते थ्रॉटल या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमीच असतो, म्हणजे होज जागेवर दाबला जायला हवा. आतून ढकलणारं काही नसताना होज निसटतो, तर त्याला बाहेरून कुणीतरी ओढतंय.

अंबडचे टर्नर काका हेच एका वाक्यात बोलले. मी त्यांना फाटलेली क्लिप दाखवत होतो. ते म्हणाले, "क्लिप नको दाखवू भाऊ, पाइप कुठं बांधलाय ते दाखव."

पाइप बांधला होता बॉडीला. थ्रॉटल आहे इंजिनवर. बॉडी स्थिर असते, इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं. चाकं पुढे फिरवताना इंजिनला उलटा झटका बसतो आणि आडव्या इंजिनाचा वरचा भाग मागे, म्हणजे ड्रायव्हरकडे झुकतो. रिव्हर्समध्ये तो पुढे झुकतो. माझ्या गाडीत फिल्टरचा डबा पुढे, हेडलाइटच्या मागे, आणि थ्रॉटल मागच्या बाजूला. त्यामुळे पुढच्या गिअरमध्ये जोर दिला की होज ताणला जाणार आणि रिव्हर्समध्ये दाबला जाणार.

हे ऐकताच एक जुनी खूण आठवली. पार्किंगच्या चढावर रिव्हर्समध्ये गाडी कधीच कुरकुर करायची नाही, पहिल्या गिअरमध्ये मात्र सुटताना एक झटका द्यायची. मी त्याचा दोष क्लचला देत होतो. तुमच्याही गाडीत पुढे आणि मागे जाताना असा फरक जाणवत असेल तर क्लच उघडण्याआधी इनटेकचा होज बघा.

मग मोजमाप केलं. थ्रॉटलवर खडूची खूण, शेजारी बॉडीला चिकटवलेली स्टीलची पट्टी, समोर बांधलेला फोन, व्हिडिओ चालू. चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक पूर्ण ओढलेला आणि गाडीच्या पुढे-मागे एकही माणूस नाही. ही काळजी घेतल्याशिवाय हे करू नका. आयडलवरच, म्हणजे रेस न देता, क्लच हळूहळू बाइटपर्यंत, म्हणजे तो पकडू लागतो तिथपर्यंत, सोडायचा आणि लगेच दाबायचा. व्हिडिओत दिसलं की पहिल्या गिअरमध्ये खूण 24 मिलिमीटर मागे जाते, रिव्हर्समध्ये 8 मिलिमीटर पुढे. होज थ्रॉटलवर चढला होता जेमतेम 20 मिलिमीटर. जाड चार थरांचं सिलिकॉन लांबीत फारसं ताणलं जात नाही. आयडलवरच्या नुसत्या बाइटला एवढी हालचाल असेल तर घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, भरल्या गाडीने, काय होत असेल याचा अंदाज करा.

24 मिलिमीटर हा आकडाच फार मोठा होता. खाली बघितलं तर टॉर्क रॉडचं, म्हणजे इंजिनचं डुलणं रोखणाऱ्या दांड्याचं, रबरी बुश फाटलेलं. गिअर बदलताना खालून येणारा ठक् असा आवाज मी इतके दिवस रस्त्याच्या खड्ड्यांवर ढकलत होतो. बुश बदलल्यावर तेच माप 9 मिलिमीटरवर आलं. उरलेले 9 मिलिमीटर निरोगी इंजिनाचेच आहेत, ते राहणारच. कंपनीने मूळ होजला घड्या दिल्या होत्या त्या यासाठी. मी त्या काढून ताठ पाइप लावला आणि वर तो बॉडीला जखडला, म्हणजे सगळी हालचाल एका 20 मिलिमीटरच्या जोडावर आणून सोडली.

नवी बांधणी

आता पाइप इंजिनला बांधला आहे. व्हॉल्व्ह कव्हरच्या शेजारच्या एका मोकळ्या बोल्टवरून पट्टी काढली, मध्ये रबरी बुश घातलं. पाइप आणि थ्रॉटल दोन्ही इंजिनवर असल्याने ते एकत्र डुलतात आणि त्यांच्यामधल्या जोडावर ओढ येत नाही. बॉडी आणि इंजिन यांच्यातला फरक पेलायचं काम फिल्टरच्या डब्याकडच्या एकाच जोडाला दिलं. तिथे मध्ये फुगवटा असलेला हम्प जोड लावला आणि आत दोन्ही टोकांमध्ये 20 मिलिमीटर मोकळी जागा ठेवली, म्हणजे रिव्हर्समध्ये टोकं एकमेकांवर आपटत नाहीत. लवचीक जागा एकच ठेवायची आणि ती कुठे आहे हे आपल्याला माहीत असायचं. दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं सैल ठेवलं तर पाइप मध्येच लोंबकळतो आणि वजनाने जोड झिजवतो.

पाइपाच्या टोकांना काकांनी बीड काढून दिली, म्हणजे सगळीकडून साधारण दोन मिलिमीटर उंचीची कड. गुळगुळीत टोकावरून होज कधीतरी सरकतोच. कडेवरून सरकताना त्याला आधी फुगावं लागतं. क्लिप कडेच्या मागे बसली पाहिजे. कडेवरच आवळली तर ती तिरकी होते आणि एका बाजूने सुटते. प्रत्येक जोडात किमान 30 मिलिमीटर चढाव ठेवला. थ्रॉटलचं तोंड तेवढं लांब नाही, तिथे मिळाले 24. पण तिथे आता ओढच नसल्याने भागतं. बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडे केले. होज चढायला सोपा जावा म्हणून साबण किंवा ग्रीस लावायचा मोह होतो, तो टाळा. जे चढायला मदत करतं ते उतरायलाही करतं.

होज टिकला, तरी इंजिनचा दिवा लागलेलाच

इथे माझी दुसरी चूक उघडी पडली. स्कॅनरवर पी0171 हा कोड येत होता. इंजिनला मोजलेल्या हवेपेक्षा जास्त हवा मिळतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय, असा त्याचा अर्थ. आधी मला वाटायचं की होज निसटत असल्याने तो येतो. होज घट्ट झाल्यावरही तो परत आला.

पेट्रोल इंजिनला इथेनॉल न मिसळलेल्या एक भाग पेट्रोलमागे वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. सेन्सर हवा मोजतो, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हिशोबाने पेट्रोल सोडतो आणि सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर हिशोब चुकला का ते सांगतो. चूक भरून काढायला ईसीयू किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. फोनवरच्या साध्या ओबीडी ॲपमध्ये तो दिसतो. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म दोन्हींची बेरीज बघायची. उणे-अधिक 10 च्या आत असेल तर सहसा काळजी नाही. माझ्याकडे आयडलवर +22 आणि 2500 आरपीएमवर +16 होता.

या दोन आकड्यांमधला फरक बोलका असतो. थ्रॉटलनंतर, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, कुठून न मोजलेली हवा शिरत असेल तर आयडलवर ट्रिम सर्वांत वाईट दिसतो. तेव्हा तिथे ओढ सर्वांत जास्त आणि इंजिनची एकूण हवा सर्वांत कमी असते. रेस वाढवली की त्याच गळतीचा वाटा लहान होतो. सेन्सरच कमी मोजत असेल तर ट्रिम सगळीकडे जवळपास सारखाच वाढतो. रेस आणि लोड वाढवताना ट्रिम चढत गेला तर पेट्रोल पंप, पेट्रोल फिल्टर किंवा सेन्सरची तार यांच्याकडे बघावं. माझ्या आकड्यांत पहिल्या दोन्ही गोष्टी मिसळल्या होत्या.

आयडलवर जास्तीचे 6 टक्के आले होते ब्रीदरमधून. ब्रीदर म्हणजे मूळ होजला जोडलेली एक बारीक नळी, व्हॉल्व्ह कव्हरकडून येणारी. मी ती काढून व्हॉल्व्ह कव्हरवर छोटा फिल्टर बसवला होता. आयडलला पीसीव्ही व्हॉल्व्ह क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या पोटातली, हवा मॅनिफोल्डमध्ये ओढतो आणि तिच्या जागी ताजी हवा या नळीतून आत जाते. ती हवा सेन्सरने मोजलेली असायला हवी, म्हणून नळी सेन्सर आणि थ्रॉटलच्या मधेच जोडलेली असते. त्या छोट्या फिल्टरमधून इंजिन चोरवाटेने हवा घेत होतं. पाइपावर निपल वेल्ड करून नळी परत जोडली, आयडल +15 वर आलं. आता दोन्ही आकडे जवळपास सारखे झाले.

उरलेले 15 टक्के शुद्ध भूमितीचे होते. सेन्सरची तापलेली तार पाइपातल्या एका छोट्या जागेतली हवा मोजते आणि पाइपाचा व्यास ठरलेला आहे असं धरून ईसीयू एकूण हवा काढतो. मूळ प्लॅस्टिकच्या घराचा आतला व्यास 68 मिलिमीटर. माझा पाइप बाहेरून 76, पत्रा 1.6 चा, म्हणजे आतून 72.8. 72.8 चा वर्ग भागिले 68 चा वर्ग, उत्तर 1.146. क्षेत्रफळ सुमारे 15 टक्क्यांनी वाढलं, त्यामुळे तेवढीच हवा हळू वाहते आणि सेन्सरला कमी दिसते. स्कॅनरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला तेव्हा खरंच समाधान वाटलं. पाच मिलिमीटरचा फरक डोळ्याला जाणवतसुद्धा नाही.

ट्रिम भरून काढतोय म्हणून हे चालवून घेऊ नका. हवा कमी दिसली की ईसीयूला लोडही कमी वाटतो आणि तो स्पार्क लवकर देतो. चढावर टकटक आवाज येतो तो बऱ्याचदा यामुळे, आणि त्याने पिस्टन खराब होऊ शकतो. मी सेन्सर त्याच्या मूळ प्लॅस्टिकच्या घरात परत बसवला, जाळीसकट. ती जाळी हवा सरळ करते, अडथळा समजून काढू नका. घरावरचा बाण थ्रॉटलच्या दिशेने हवा. पुढचा पाइप मी 70 चा घेतला. थ्रॉटल आतून 60 च आहे, त्याच्याआधी 76 चा पाइप लावून जास्त हवा जात नाही. आता ट्रिम +2 ते +4 मध्ये असतो.

निफाडची सकाळ

सगळं बसलं असं वाटत असताना जानेवारीत मामाकडे निफाडला मुक्काम झाला. तिथे थंडीत पारा एक आकडी होतो हे नाशिककरांना सांगायला नको. पहाटे गाडी सुरू केली तर बॉनेटखालून सूं असा बारीक आवाज. दहा मिनिटांनी इंजिन गरम झालं आणि आवाज बंद. हे दोन दिवस घडलं.

थंडीत रबर आणि धातू दोन्ही आकसतात. साध्या स्क्रूच्या क्लिपला स्प्रिंग नसते, ती आवळलेल्या मापावरच राहते आणि पकड सैल पडते. काही महिन्यांत सिलिकॉनही दबून पातळ होतं. अशा वेळी क्लिप आणखी आवळली तर गरम झाल्यावर होज कापला जातो. दोन्ही मोठ्या जोडांवर मी स्प्रिंग असलेल्या टी-बोल्ट क्लॅम्प लावल्या. त्या आकसण्या-फुगण्याबरोबर आपोआप पकड धरून ठेवतात. त्या मिळाल्या नाहीत तर निदान आतून गुळगुळीत पट्टी असलेल्या क्लिप घ्या, खाचा आरपार असलेल्या नको.

थ्रॉटलकडचा जोड तेलकट होऊन फुगला होता हेही तेव्हाच लक्षात आलं. ब्रीदरमधून तेलाची वाफ येते आणि साधं सिलिकॉन तेलाला टिकत नाही. कूलंटच्या नळ्यांचं ईपीडीएम रबर तेलाला त्याहून वाईट. तिथे आता कापडी थराचा नायट्राइल रबराचा होज आहे. रंग काळा, दिसायला साधा, पण तो तिथलाच आहे.

गळती शोधण्याची घरगुती रीत सांगतो. इंजिन थंड, चावी बंद. फिल्टर काढून डब्याच्या तोंडाला व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू कापड गुंडाळून लावायची आणि ब्रीदरची नळी बोळ्याने बंद करायची. थ्रॉटल जवळपास बंदच असतो. क्लीनर आधी थोडा वेळ मोकळ्या हवेत चालवा, म्हणजे आतली धूळ सेन्सरवर उडणार नाही. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. जिथे फुगे, तिथे गळती. काम झाल्यावर बोळा काढायला विसरू नका. कॉम्प्रेसरची हवा इथे सोडू नका, एवढ्या दाबाला हे जोड बनलेले नाहीत. आणि चालू गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारे मेस्त्री असतात, त्यांना थांबवा, आग लागू शकते.

फिल्टरचा मूळ डबा मी शेवटपर्यंत ठेवला आणि तो ठेवल्याचा आनंद आहे. उघडा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखाली लावला की तो इंजिनची गरम हवा ओढतो. 40 अंशांची हवा 60 झाली तर ती सुमारे 6 टक्क्यांनी विरळ होते. समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्या नाशिकची हवा आधीच 7 टक्क्यांच्या आसपास पातळ आहे. हवा घेणारं तोंडही वरच ठेवा. बंपरच्या तळाशी नेलं तर पावसाळ्यात इगतपुरीच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यात गाडी घातली की पाणी थेट इंजिनात जाऊ शकतं. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवर फिरून आलो की फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं फडकं फिरवून बघतो. फडक्यावर माती आली तर जोड किंवा फिल्टरची कड गळतेय, आणि ती माती पिस्टनच्या रिंगा खाते.

प्रत्येक जोडावर होज आणि पाइप दोन्हींवरून जाणारी एक सलग रेघ पांढऱ्या मार्करने काढली आहे. होज एक मिलिमीटर जरी सरकला तरी रेघ तुटलेली दिसते. पाच महिन्यांत कल्याणला बहिणीकडे सहा फेऱ्या झाल्या, दर वेळी घरी आल्यावर बॉनेट उघडून बघितलं, रेघा जुळलेल्या आहेत.

एक गोष्ट अजून राहिली आहे. 2200 आरपीएमच्या आसपास घुमल्यासारखा आवाज येतो. मूळ होजच्या बाजूला एक बंद डबी होती, ती आवाज शोषण्यासाठी होती आणि मी ती निरुपयोगी समजून सोडून दिली. जुना होज अजून माळ्यावर आहे. डबीचं आणि तिच्या मानेचं माप घेऊन ती नव्या पाइपावर बसवायची आहे. काकांनी पुढच्या शनिवारी बोलावलंय.